शमीमआपाच्या टाकीतलं जुनं पाणी

शमीमआपा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो तिच्या माशांचा. आता ते कुणाकडे जाणार? आणि दुसरा, लिहायला लाज वाटते, पण दुसरा असा आला की आता नाना संध्याकाळी घरी बसतील. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं, मी अंगणात पिंप भरत होते. समोरच्या दारातून तिची सून रिझवाना आली, ओढणीचं टोक तोंडाशी धरून. "मॅडम, अम्मी गयी..." एवढंच म्हणाली. पहाटे नमाजला उठली, छातीत कळ आली आणि रिक्षा गल्लीत वळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी रिझवानाला जवळ घेतलं, रडलेही. खोटं रडले नाही. पण ते दोन विचार रडण्याच्या आधी येऊन गेले होते आणि दीड महिना झाला तरी ते मला विसरता आलेले नाहीत.

आपा आमची समोरची. नंदुरबारच्या आमच्या गल्लीत पिंजाऱ्यांची चार घरं आहेत, कापूस पिंजून गाद्या भरणारी, त्यांतलं एक तिचं. नवरा गेल्यावर मुलानं दुकान सांभाळलं आणि हिनं घरी बसून गाद्यांना टाके घातले. वयानं आम्ही बरोबरीच्या. तरी ती मला मॅडम म्हणायची आणि मी तिला आपा. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आपा चौथी शिकलेली. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या पोटदुखीचं मूळ इथेच आहे. तिच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली एक जुनी लाकडी पेटी होती आणि पेटीवर दोन फुटांची काचेची टाकी. टाकीत तीन गोल्डफिश, कुणा नातेवाइकानं सुरतेहून पिशवीतून आणून दिलेले. आमच्या गल्लीत अशा टाक्या पुष्कळ आल्या. सहा महिन्यांत मासे मरायचे, मग टाकीत कुणी कांदे ठेवायचं, कुणी लेकरांची खेळणी. आपाचे मासे मात्र सात वर्षं जगले. आले तेव्हा बोटाएवढे होते, बघता बघता तळहाताएवढे झाले.

तेवढ्यावर मी जळले नसते. पण आमचे नाना, म्हणजे माझे यजमान, पोस्टातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. हातपाय पुष्कळ सावरले, जीभ सावरली नाही. शब्द अडायचे, अर्धे सुटायचे, भलत्याच जागी वळायचे. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. मी पडले शिक्षिका. मी त्यांना रोज समोर बसवायचे, त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि शब्द चुकला की तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. "असं नाही. पुन्हा म्हणा." चार महिन्यांत नाना घरात बोलेनासेच झाले. चहा हवा तर कपाकडे बोट दाखवायचे. आणि मग एका संध्याकाळी पाच वाजता काठी टेकत गल्ली ओलांडून गेले, आपाच्या टाकीपुढे खुर्चीवर बसले... आणि बोलले. मी आमच्या पुढच्या खिडकीत भाजी निवडत होते. मला आवाज ऐकू येत होता. अडखळत होता, पण थांबत नव्हता. मध्येच दोघांचं हसूही आलं.

त्यानंतर रोज पाच वाजता काठी उचलायची आणि सातला परत यायचं. घरी आलं की पुन्हा तोंडाला कुलूप. संशय तसला नव्हता. तसला असता तर बरं झालं असतं, पदर खोचून भांडता आलं असतं. घरात सून, नातवंडं, दार सताड उघडं. आपा गादीला टाके घालत बसलेली, नजर कधी सुईवर, कधी माशांवर. नानांच्या तोंडाकडे ती बघायचीही नाही. मग तिच्यात असं काय होतं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चाळीस वर्षांचा संसार माझा आणि नवऱ्याचा आवाज मी ऐकायचा तो समोरच्या घरातून.

मासेच हवेत ना, म्हटलं, घरी आणू. आपाची टाकी दोन फुटांची, मी तीन फुटांची घेतली. वर दिवा, आत प्लास्टिकचं झाड, तळाला रंगीत खडे. तिचे मासे तीन, मी आठ आणले. नानांची खुर्ची टाकीपुढे मांडली. पहिले चार दिवस ते बसलेही. पाचव्या दिवशी एक मासा पोट वर करून तरंगत होता, आणि मग रांगच लागली. मी काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं! दिवसातून तीनदा चिमूट-चिमूट दाणे टाकायचे. दर रविवारी मासे बादलीत काढून सगळं पाणी फेकायचे, खडे कपड्याच्या पावडरनं घासायचे, काच लख्ख पुसायचे आणि नळाचं ताजं पाणी भरायचे. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मी अशाच घासून घ्यायचे मुलींकडून. एकदा तर प्रकाशा गावी देवदर्शनाला गेले होते, तिथून तापीचं पाणी कॅन भरून आणलं. त्या पाण्यातही दोन मेले. नाना एकेक मासा जाताना बघायचे आणि पाच वाजले की काठीकडे हात न्यायचे.

आपाला सगळं दिसत होतं. ती यायची, टाकीपुढे उकिडवी बसायची. "मॅडम, मासा भुक्या मरत नही, खाईसन मरस," म्हणायची. "आख्खं पाणी फेकू नका. चौथाई काढा, चौथाई टाका. आनि नळनं पाणी एक दिन माठमा ऱ्हाऊ द्या." तिच्याकडे खोलीच्या कोपऱ्यात एक माठच होता, फक्त माशांच्या पाण्याचा. असं शिळं पाणी म्हणजे नळाच्या औषधाचा, क्लोरीनचा, वास उडालेलं पाणी. जावई पहिल्यांदा आला तेव्हा तो त्याच माठातलं तांब्याभर पाणी प्याला होता, आणि ती गोष्ट आपा दर ईदला सांगायची. शुक्रवारी तिच्या माशांना दाणे बंद. मे महिन्यात, आपल्याकडे माणूसही उकडून निघतो तेव्हा, ती टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायची, टाकीच्या तोंडाशी टेबलफॅन लावायची आणि खाणं निम्मं करायची. एक दिवस मी विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? तर म्हणाली, "कोन शिकाडी? पहिला चार मी बी मारेल शेतस." म्हणजे या तिघांच्या आधीचे चार तिच्याही हातून मेले होते. मला सगळं कळत होतं. तरी त्यातलं मी काहीही केलं नाही. तिचं ऐकून माझे मासे जगले असते, तर ते तिचेच झाले असते. मला ते नको होतं.

मागच्या एप्रिलची गोष्ट. पहिले आठ संपल्यावर मी आणखी मासे आणले होते, त्या दुसऱ्या खेपेतले दोन उरले होते, तेही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत. आपा दुपारी उन्हाची आली. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं शिरखुर्मा राहिला असेल. झाकण काढलं तर आत थोडं पाणी आणि पाण्यात फोमचा एक तुकडा, गादीत घालतात तसला, पण काळपट, बुळबुळीत. तिच्या टाकीच्या फिल्टरमधला. "हाई तुम्हना फिल्टरमा टाका," ती म्हणाली. "धुवू नका, मॅडम. असंच टाका." मी हो म्हटलं आणि तिला सरबत दिलं. आत मात्र नुसती धुमसत होते. हिच्या टाकीतली घाण आता माझ्या घरात? नवरा हिच्याकडे बसतो ते कमी होतं? ती गेली तसं मी पातेलंभर पाणी उकळलं, मूठभर पावडर टाकली आणि तो तुकडा तासभर भिजवून पिळून काढला. आतून अगदी नव्यासारखा पिवळा निघाला. मला फार बरं वाटलं. मग तो फिल्टरमध्ये घातला. आठ दिवसांत दोन्ही मासे मेले, आणि मी मनाशी म्हटलं, बघा, दिला तो घाणेरडा बोळा.

त्याच आठवड्यात आपाच्या तिघांतला एक गेला. सात वर्षांत पहिला. गल्लीत कळलं, आणि मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतोय... पण झाला. मी मुद्दाम बघायला गेले. नाना तिथेच बसलेले होते. टाकीत दोनच मासे, पाणी जरा गढूळ, आपाचा चेहरा उतरलेला. "गरमी लई पडनी, मॅडम," ती म्हणाली. मग विचारलं, "तुम्हना दोन्ही बरा शेतस ना?" मी म्हटलं, "छान आहेत." आमची टाकी आदल्या दिवशीच रिकामी झाली होती, हे नानांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड माशांकडे फिरवलं. घरी येऊन मी रिकामी टाकी माळ्यावर टाकली आणि तो विषय संपवला.

ती गेल्यावर नाना घरी बसायला लागले. मला हवं होतं तसंच झालं. पाच वाजले की काठी उचलायचे, दारापर्यंत जायचे, समोर बघायचे आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. खुणाही कमी झाल्या. मी शब्द दुरुस्त करायला तयार होते, पण शब्दच येत नव्हता. जिवंतपणी आपा त्यांना निदान सात वाजता परत तरी पाठवत होती.

आपाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर रिझवाना आली. "मॅडम, मासा तुम्ही ली जा. दुकान, लेकरं, सगळं मन्हावर शे. मन्हाकडथीन नही व्हत." मी माळ्यावरची टाकी काढायला निघाले तर म्हणाली, "तीच टाकी ली जा. आनि पाणी बी संगे ली जा. अम्मी कायम सांगे, घर नवं चाली, पाणी जुनं पाहिजे." मग आम्ही दोघी बादल्या घेऊन गल्ली ओलांडत राहिलो. सगळ्यात शेवटी तिनं फिल्टरमधला फोम काढून जुन्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "हाऊ अर्धाच शे. अर्धा तुम्हले दिधा व्हता ना, तवय आम्हनं पाणी बिघडनं आनि एक मासा मरी गया. मी झगडनू अम्मीसंगे. ती बोलनी, मॅडमना घर मासा जगनात ते नाना घर बसतीन."

मी बादली खाली ठेवली. तीस वर्षं दर नववीला मी फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढलं. घाणीतलं विष खाऊन पचवणारे जिवाणू मी लाल खडूनं दाखवायचे, बाण काढायचे, मुलांकडून पाठ करून घ्यायचे. तो बुळबुळीत फोम म्हणजे तेच जिवाणू होते. आपाच्या टाकीचा निम्मा जीव तिनं डब्यात घालून उन्हातून माझ्या दारात आणला होता, आणि मी तो उकळत्या पाण्यात घातला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आपाला हे जिवाणू ठाऊक नव्हते. पण मी कशासाठी जळत होते ते तिला ठाऊक होतं, आणि ते कळूनही ती रागावली नव्हती. खरं सांगू? मला तिचा आणखीच राग आला. माणसानं इतकं चांगलं असू नये, समोरच्याला जळायला निदान थोडी जागा ठेवावी. त्या फोमचं मी काय केलं हे रिझवानाला तेव्हा सांगितलं नाही. आज ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

टाकी आता आमच्या पुढच्या खिडकीखाली आहे. मागच्या काचेवर हिरवा पापुद्रा आहे. माझा हात शिवशिवतो, पण मी तो पापुद्रा घासत नाही. पहिले दोन दिवस मासे कोपऱ्यात चिकटून होते, तिसऱ्या दिवशी पुढे आले आणि दाणे खाल्ले. त्या संध्याकाळी पाच वाजता नानांनी काठी उचलली, दाराकडे निघाले, वाटेत थांबले आणि टाकीपुढच्या खुर्चीत बसले. मी स्टूल ओढलं. सवयीनं त्यांच्या समोर ठेवणार होते, पण ते टाकीच्या आड आलं असतं. म्हणून शेजारी ठेवलं आणि मीही माशांकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "पाणी... बद... बदललंस?"

"नाही."

"काच?"

"नाही घासली."

मग ते बोलायला लागले. कुणाशी बोलतायत ते मला पहिल्यांदा कळलंच नाही. पोस्टाच्या जुन्या दिवसांचं होतं सगळं. मोलगीची टपालाची पिशवी, काठी गावच्या होळीच्या दिवसांत अडलेली गाडी, तोरणमाळच्या घाटात पायी चढून दिलेली तार. आपा सुरतेशिवाय कधी कुठे गेली नव्हती म्हणे, म्हणून रोज एक गाव विचारायची आणि हे सांगायचे. तिला कोणतं गाव आवडलं, कुठल्या गोष्टीला ती हसली, कुठे तिनं सुई खाली ठेवली, सगळं सांगत होते. चाळीस वर्षांत मी त्यांना एकही गाव विचारलं नव्हतं. तासभर माझ्याच घरात, माझ्याच शेजारी बसून माझा नवरा त्या बाईबद्दल बोलत होता, आणि मी जळत होते, आजही जळते. बोलता बोलता धडगावशी त्यांची जीभ अडली आणि शब्द वाकडाच बाहेर पडला. बरोबर शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला, आणि नाना पुढच्या गावाला निघाले.