अक्काच्या दाराची उंची

मी भाकरी थापत होते, तेवढ्यात शेजारून अक्काची सून धावत आली. “काकू, आई उठतच नाहीत हो…” अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. झोपेतच गेली. महिना झाला आता.

दुष्काळात गाव सोडलं नि आम्ही दोघी जावा नवऱ्यांसंगं विक्रोळीला खाडीच्या कडेला आलो. घरं बांधली ती गावासारखीच, जमिनीला टेकून. गावाकडं घागरभर पाण्यासाठी वणवण, नि इथं भरतीचं पाणी थेट चुलीत! अक्का हसली. “बघ गं, इथं पाणी आपल्या पायानं घरी येतं.” मग दरसाल घरात माती-विटांची भरणी टाकायची, जमीन वर घ्यायची. जमीन चढत गेली, दार मात्र होतं तेवढंच. पुढं पुढं आख्खी वस्ती कंबरेत वाकून आत जायला लागली. मीपण.

एकदा चौकट लागून अक्काचं कपाळ फुटलं. भावजी, तिचा नवरा, म्हणाले, “जरा वाकलं तर काय बिघडतं तुझं?”

“पाटलाच्या दारात वाकून वाकून माझ्या आईची पाठ गेली. मी माझ्याच घरात वाकू? हट!”

तिनं चौकटच उखडली. पत्रा उतरवला, भिंतीवर विटांचे थर चढवले, नि पत्रा परत वर. वस्तीतला दादा दम द्यायला आला, “घर उंच केलंस, पालिकेची तोडायची गाडी येईल.”

“येऊ दे. माडी नाय बांधली. माणूस उभं राहील एवढंच केलंय.”

गाडी आली. घर पाडलं. अक्का रडली नाय. त्याच विटा, तेच वाकडे झालेले पत्रे घेऊन परत उभं केलं… नि उंची तेवढीच. मग अक्का माझंही घर उंच करायला आली, मला न विचारता.

परवा तिचा पोरगा म्हणाला, “काकू, यंदा आमच्या घरात भरणी टाकू, पण दार राहू दे. आज ना उद्या बिल्डिंग होणारच हाय.”

“बिल्डिंग होईल तवा होईल. तोवर मान खाली घालून जगायचं का रे?”

तो चौकटीजवळ गेला. मग म्हणाला, “बरं, किती उचलायचं ते तरी सांग.”

मी त्याला दारात ताठ उभा केला. त्याच्या डोक्यावर हात धरला, नि हात तिथनं अजून वीतभर वर नेला.

“एवढं कशाला?”

म्हटलं, “तुझी पोरगी तुझ्यापेक्षा उंच होणार हाय.”