वहिनीचा लाल पंजा

माझी वहिनी लोकरीच्या स्वेटरांचे नमुने आखायची. दादाने घरी कॉम्प्युटर आणल्यावर ती ते पडद्यावर आखू लागली. पडद्यावरच्या एका खिडकीतून नमुना छापला जाई, तोवर दुसरीत ती नवा आखत बसे. खिडकी कामात गुंतलेली असली, की तिच्यावर नेलेल्या माउसच्या बाणाचं इवलंसं घड्याळ होई. म्हणजे जरा दम धरा.

पुढे वहिनीला मोतीबिंदू झाला आणि बाण कुठला, घड्याळ कुठलं, हे तिला कळेना. ती बटण दाबत राही. यंत्र मोकळं झालं, की तोवर दाबलेलं सगळं एकदम लागू होऊन नमुन्याचा पार विचका होई.

“आता सोड हे काम,” दादा म्हणाला.

“डोळे अधू झालेत माझे, डोकं नाही!”

त्या कॉम्प्युटरात बाणाचं आणि घड्याळाचं चित्र बदलायची सोय होती. वहिनीने भिंग घेतलं, घड्याळ पुसलं आणि त्याच्या जागी एकेक ठिपका भरत ती ‘थांबा’ म्हणणारा उघडा पंजा काढायला बसली. पहिला पंजा थेट बटाट्यासारखा दिसला. मला हसू आवरेना.

“हसून घ्या, भाऊजी,” म्हणत तिने तो पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. असे किती पंजे पुसले, कोण जाणे. शेवटी असा लालभडक पंजा उमटला, की मला दारातूनही दिसला.

त्यानंतर पंजा दिसला, की ती दुसऱ्या खिडकीत जाऊन आपलं काम पुढे नेई. ऑपरेशन होईपर्यंत तिचं काही अडलं नाही.

ऑपरेशननंतर दादाने विचारलं, “आता घड्याळ परत आणू?”

“खबरदार, हात लावलात तर!” वहिनी म्हणाली.