मायची शिवण आणि खालाचा कापूस

माझ्या मायला कुणी ‘लई कष्टाळू बाई’ म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. कष्टाळू बैलसुद्धा असतो. माय जातं ओढायची, खुरपायला जायची, जनावरांचं शेणघाण काढायची, हे सगळं खरं. पण ते गावातली प्रत्येकच बाई करत होती. माय लेप शिवायची. तसा लेप आमच्या मुलखात दुसऱ्या कुणाला शिवता आला नाही, आणि एवढं म्हणायला मात्र लोकांची जीभ उचलत नाही.

आमचं गाव मुरुमच्या बाजाराजवळचं. राज्य निजामाचं. मायचं माहेर हद्दीकडचं, कानडी. राग आला की ती कानडीत बोलायची, आणि राग तिला लवकर यायचा. नाक तिचं नाही आलं मला, राग तेवढा आला.

लेप म्हणजे वर-खाली कापड आणि आत पिंजलेला कापूस. बाकीच्या बायका सरळ दोरा घालून मोकळ्या व्हायच्या. माय जुन्या लुगड्यांचे तुकडे भुईवर पसरून नुसती बघत बसायची. उन्हाळ्याच्या दुपारी घर कलंडलेलं असायचं आणि ही तुकडे मांडतेय, उचलतेय, पुन्हा मांडतेय. त्यातून विहीर उभी राहायची, विहिरीवर मोट, मोटेचे बैल, बैलामागं ढेंगा टाकत चाललेला माणूस. एका लेपावर तिनं येरमाळ्याची जत्रा मांडली होती, आणि त्या गर्दीत लाल चिंधीची एक पोर होती, दोन्ही हात वर केलेली.

“ही कोण गं माय?”

“तूच की. हरवली हुतीस, रडून जत्रा गोळा केलीस.”

ती मला विचारायची, “हितं निळा लावू का हिरवा?” मी हिरवा म्हटलं तर खरंच हिरवा लावायची. त्या घरात माझं मत विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आई होतीच, पण मैत्रीणही तीच होती.

तिची स्वतःची मैत्रीण म्हणजे आमची खाला, दखनीत मावशी. आमच्या परड्याला लागून पिंजाऱ्याचं घर होतं. खालाचा नवरा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचा, घरी आलेला कापूस खाला पिंजायची. दोघी एकाच साली नवऱ्या होऊन गावात आलेल्या. एकीची कानडी, एकीची दखनी. मराठी दोघींनाही धड येत नव्हती. कापसात सरकी राहिली म्हणून पहिलं भांडण झालं आणि त्याच भांडणात दोघी मराठी शिकल्या, असं खाला सांगायची. पुढं रोजच भांडायच्या. “तुझा टाका वाकडा.” “तुझी नजर वाकडी.” खालाच्या पापण्यांवर सदा कापसाची रुई असायची, ती बोलायला लागली की हलायची. माय उपाशीतापाशी दिसली की ती कुंपणावरून भाकरी द्यायची नाही, कारण आमच्या घरात तिच्या हातचं चालत नव्हतं; कच्च्या शेंगा द्यायची, गूळ द्यायची. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग. माय तो गूळ तिथंच उभी राहून खायची.

माझ्या लग्नासाठी म्हणून दोघींनी एक मोठा लेप करायला घेतला होता. मी तेव्हा परकर नेसत होते, लग्नाला अवकाश होता, म्हणून घाई नव्हती. हिवाळा आला की काढायचा, पेरणी आली की ठेवायचा. त्याच्यावर आमचं गावच होतं. देऊळ, दर्गा, ओढा, आमच्या दोन घरांमधलं कुंपण. तो पुरा झाला त्याच हिवाळ्यात तहसीलचा साहेब दौऱ्यावर आला.

साहेबाचा दौरा म्हणजे गावाला वेठ. पाटलाची माणसं घरोघर फिरून कुणाची कोंबडी, कुणाचं दूध, कुणाचं अंथरूण उचलायची. विचारणं नव्हतं. आमच्या घरात आले आणि दांडीवरचा तो लेप ओढून चालते झाले. माय शेतात होती. बापू म्हणजे माझे वडील दारातच उभे होते. ते म्हणाले, “न्या की, सरकारचंच हाय.” मी ते ऐकलं. बापूंना मी पुष्कळ गोष्टी माफ केल्या, ते वाक्य केलेलं नाही.

माय आली, तिला कळलं, आणि खुरपं हातात तसंच घेऊन ती चावडीकडं निघाली. मी मागं पळाले. चावडीपुढं साहेबाचे घोडे बांधले होते आणि एका घोड्याच्या पाठीवर थंडीची झूल म्हणून आमचा लेप टाकला होता. देऊळ एका बाजूला लोंबत होतं, ओढा लिदीत भिजला होता.

“पाटील, माझा लेप द्या,” माय म्हणाली.

पाटील साहेबाच्या खुर्चीशेजारी उभा होता. हसला. “अगं, घोडं सरकारचं हाय. मान हाय तुझा.”

“मान तुमच्या घरच्या गादीला द्या. तुमच्या घरातनं काय आणलंय?”

मागून बापू आले, हात जोडून. “चुकलं मालक, बाईमाणूस हाय, अक्कल न्हाय.” मायनं त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नाही. साहेबाला मराठी कळत नव्हती, मायला त्याची उर्दू. दोघांमध्ये फक्त पाटील बोलत होता आणि तो काय सांगत असेल ते दिसतच होतं.

तेवढ्यात खाला आली. डोक्यावर पदर ओढून, पण आवाज मोठा. “साब, ये घोडे की झूल नैं. बेटी के ब्याव का लेप है. मैं पिंजी, इने सिई. तुमारे घर में बेटी है के नैं?”

साहेब चमकला. उठून घोड्यापाशी आला, लेपाकडं नीट बघितलं, बोट ठेवून दर्गा बघितला, देऊळ बघितलं. मग पाटलाला काहीतरी कडक बोलला. लेप परत आला. दोघींनी तो उसवला, धुतला, खालानं कापूस पुन्हा पिंजला, मायनं पुन्हा शिवला.

आता गावाचं ऐका. मायच्या लेपासाठी एक बाई चावडीवर सरकारपुढं उभी राहिली, ते गाव विसरलं. गावाच्या लक्षात एवढंच राहिलं की साहेबानं तिचं ऐकलं. “ऐकणारच. त्यांचाच हाय त्यो.” पाटलानं हे वाक्य पेरलं आणि गावानं त्याला पाणी घातलं. निजामाच्या साहेबाला गावातल्या गोधड्या पुरवणारा पाटील आपला, आणि त्या परत आणणारी खाला परकी.

पुढं दिवस वाईट आले. रझाकारांच्या धाकानं कितीतरी गावांतली माणसं हद्द ओलांडून सोलापूरकडं पळाली, तेही खरंच आहे, ते कुणी पुसू नये. पण पिंजाऱ्याच्या हातात धनुकलीशिवाय कधी काही नव्हतं. मग हिंदुस्थानची फौज आली, निजाम पडला, आणि दुसऱ्याच सकाळी आमच्या पाटलाच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. हातात झेंडा. तोच आवाज, तीच मिशी. मिरवणूक देवळापासून निघाली आणि पिंजाऱ्याच्या घराकडं वळली.

खाला दोन लेकरं घेऊन कुंपण फोडून आमच्या परड्यात आली. नवरा पिंजायला पलीकडच्या गावाला गेला होता. मायनं तिला हाताला धरून आत घेतलं, थेट सैपाकघरात.

बापू ओरडले, “तिथं नगं! देव हायत तिथं!”

“मग देवाला बाहीर बसवा,” माय म्हणाली, आणि दाराला बाहेरून कडी घालून स्वतः उंबऱ्यावर बसली.

आम्ही आतून ऐकत होतो. भांडी, पेटी, गाठोडी. शेवटी त्यांच्या दाराची चौकट उपटल्याचा आवाज. लुटणारी माणसं बाहेरची नव्हती. आवाज ओळखीचे होते, खालानं पिंजलेल्या कापसावर झोपणारे सगळे. त्यातले काही आमच्या दाराशी आले. पुढं होता तो पोरगा म्हणाला, “काकी, बाजूला सरका. पिंजारीण हाय का आत?”

“हाय,” माय म्हणाली. खोटं बोलली नाही. “माझी बहीण हाय. या आत, पण आधी मला तुडवा. आन तुझ्या आईला जाऊन सांग, तुला जन्मल्यावर ज्या दुपट्यात गुंडाळलं त्याचा कापूस हिनं पिंजलावता.” मग कानडीत सुरू झाली. तो मुलगा खाली बघत मागं सरला.

खालाचा नवरा परत आला नाही. ओढ्याच्या वाटेवर तुटलेली धनुकली मिळाली. तिथून पुढं शोधायला गावातला एकही गडी गेला नाही. माय गेली, खाला गेली. त्यांना काही मिळालं नाही.

नंतर नव्या सरकारचा एक अधिकारी चौकशीला आला. चावडी भरली होती. कुणी काही पाहिलेलं नव्हतं. आख्खं गाव त्या दिवशी शेतात होतं म्हणे. मागून माय उठली. “मी पाह्यलंय.” आणि तिनं हात लांब करून पाटलाकडं दाखवलं, मग एकेकाकडं. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं. “बाई, तुम्ही दुःखात आहात,” म्हणाला, आणि पाटलाच्या घरी जेवून गेला. कुणाचं काही वाकडं झालं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर बापूंनी मायवर हात उचलला. तिनं तो हात वरच्यावर धरला आणि सोडलाही नाही, बापूच कसनुसं तोंड करून बसले.

खालाचा भाऊ सोलापूरहून गाडी घेऊन तिला न्यायला आला. घरात द्यायला काय होतं? मायनं माझा लेप खाली काढला. मला म्हणाली, “तुझा हाय. देऊ का?”

मी हो म्हटलं. त्यावर दोन्ही लेकरांना बसवून गाडी निघाली. खाला रडली नाही. “कुंपण नीट कर गं, शेळ्या शिरतील,” एवढंच म्हणाली.

वर्ष गेलं असेल नसेल, पाटलीणबाई स्वतः आमच्या दारात आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पाट दिला, पाणी दिलं. त्या म्हणाल्या, “रुखवताला तुझ्याच हातचा लेप पायजे. दुसऱ्या कुणाची शिवण बघवत न्हाय.”

माय ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली. “शिवते की. पर कापूस कोण पिंजल? पिंजारी कुठं गेला, तेवढं मालकाला इचारून सांगा.”

पाटलीणबाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर मायच्या घागरीला जागा मिळेना. तिनं ओढ्याचं पाणी आणलं, बायकांशी बोलणं टाकलं, आणि पाटलाच्या घरात मरेपर्यंत एक टाका घातला नाही. तो पाटील पुढं देशभक्त ठरला. शाळेच्या भिंतीवर त्याचं नाव दगडात कोरलंय. मला गावातच दिलेली, माझी नातवंडंही त्या शाळेत शिकली. मी त्या शाळेच्या कार्यक्रमाला कधी गेले नाही, बोलावणं येऊनही.

माझं लग्न झालं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात माय मला घेऊन सोलापूरला गेली. खाला विड्यांच्या कारखान्यात लागली होती. एका खोलीत सगळी. तंबाखूनं बोटं पिवळी झालेली, पापण्यांवर रुई नाही. मला ती ओळखूच आली नाही. माय तिला बघून आधी भांडलीच. “निरोप न्हाय, काय न्हाय, मेलीस का जगलीस कळावं कसं?”

“तू कुठं पाठवलास?”

मग चहा झाला. माय म्हणाली, “चल परत. मी हाय की.”

“कुठं येऊ? माझ्या दाराची चौकट कुणाच्या गोठ्याला लागलीय, तुला दिसत न्हाय व्हय रोज?”

खालानं सूप पुढं ओढलं, तेंदूचं पान मांडीवर घेतलं, तंबाखू भरली, वळली. मायनं जरा वेळ ते बघितलं, मग दुसरं पान उचललं.

“असं न्हाय, आवळून वळ,” खाला म्हणाली. “सुटंल.”

“सुटत न्हाय,” माय म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत दोघी विड्या वळत, एकमेकींच्या चुका काढत बसल्या.