अर्धा मीटर

कारखान्यात त्याला सगळे ‘सूतभर’ म्हणत. लेथवर उभं राहून तीस वर्षं काढलेला माणूस. हाताखालच्या कारागिराने घासलेला तुकडा हातात घेतला की डोळे बारीक करून म्हणायचा, “सूतभर जास्त आहे. परत लाव.” घरीही तेच. भिंतीवरचं घड्याळ जरा तिरकं दिसलं तरी घास घशाखाली उतरत नसे. बायको म्हणायची, “लग्नाआधी मला मोजून घेतलं नाहीत, हेच माझं नशीब.”

एकुलती एक मुलगी पोहायची. बाकीची पोरं दोन उन्हाळे पाण्यात डुंबून घरी बसत. त्या तलावातून शर्यतीपर्यंत गेलेली ती एकटीच. बाराव्या वर्षी, तलाव डागडुजीसाठी चार महिने बंद राहून पुन्हा उघडला, आणि पहिल्याच आठवड्यात ती दोनशे मीटरला जवळजवळ तीन सेकंदांनी सुधारली. सूतभरने कारखान्यात मिठाई वाटली. तिला पोहायला शिकवणारे सर म्हणाले, “विश्रांती मानवली पोरीला.”

शर्यती दुसऱ्या शहरातल्या तलावात होत; तिथे मात्र ती मागे पडू लागली. अठराव्या वर्षी सरावात तिची वेळ दोन मिनिटं चौदा सेकंद होती. मोठ्या संघात निवडीसाठी दोन पंधरा पुरत होती. शर्यतीत ती दोन सतराच्या आत कधी आली नाही. घड्याळात खोट असणं शक्य नव्हतं, कारण रोज सकाळी बाकावर बसून ते सूतभर स्वतःच दाबायचा.

“सगळं डोक्यात आहे हिच्या,” सर म्हणाले. “माणसं बघितली की घाबरते.”

मग उपाय सुरू झाले. श्वासाचे व्यायाम झाले, डॉक्टर झाले. आपल्याला बघून ती दडपते की काय, म्हणून सूतभर दोन शर्यतींना तलावाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला. आतल्या गलक्यावरून त्याला काहीच कळायचं नाही. ती ओल्या केसांनी बाहेर यायची, आणि तिच्या चालीवरूनच त्याला सारं उमगायचं. दुसऱ्या संघातल्या मुलींनी तिचं नाव ‘सरावराणी’ ठेवलं होतं. तिने ते घरी हसत हसत सांगितलं, आणि आंघोळीला गेली ती तासभर बाहेर आली नाही.

विसाव्या वर्षीच्या शेवटच्या निवडीत पुन्हा दोन सतरा. परतताना बसमध्ये सूतभरचा तोल गेला. “मेहनत मी बघितली आहे तुझी, वेगही बघितला आहे. काळीज तेवढं उंदराचं निघालं!” पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. “खरं आहे, बाबा,” एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने पोहण्याची पिशवी उघडली नाही. चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची.

तीन वर्षांनी तलावाच्या काठच्या पन्हळीवरच्या लोखंडी जाळ्या बदलायचं काम सूतभरच्या कारखान्याकडे आलं. मापं घ्यायला दुसरा कोण जाणार? पाणी काढलेल्या तलावात तो शिडीने उतरला, पोलादी टेपचं टोक रखवालदाराच्या हाती दिलं आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेला.

साडेचोवीस मीटर.

त्याने टेप ताणून पुन्हा मोजलं. मग रखवालदाराला पलीकडे पाठवून उलट बाजूने मोजलं. साडेचोवीस.

“पंचवीसचा आहे ना हा?” त्याने विचारलं.

“होता की,” रखवालदार म्हणाला. “मागे भिंती गळत होत्या, तेव्हा दोन्हीकडून आतून नवी भिंत चढवली. चार महिने बंद नव्हता का तलाव?”

सूतभरने कोरड्या फरशीवर खडूने हिशेब मांडला. दोनशे मीटरला आठ फेऱ्या. फेरीमागे अर्धा मीटर, म्हणजे चार मीटर. चार मीटर पोहायला तिला जवळजवळ तीन सेकंद लागायचे. आठ वर्षं तो त्याच काठावर, त्याच भिंतीकडे बघत बसला होता, आणि हातात फक्त घड्याळ होतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको शेजारी गेली होती. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. “तू घाबरत नव्हतीस गं. कधीच नाही. मी तुला नाही नाही ते बोललो. तलावच खोटा होता.”

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ओठ हलले, ती हिशेब करत होती.

“म्हणजे सरावातही दोन सतराच,” ती म्हणाली.

“हो. म्हणूनच सांगतो, तुझी काही चूक...”

“बाबा, भीती होती ते बरं होतं.” तिचा आवाज अगदी शांत होता. “वाटायचं, आत कुठेतरी दोन चौदा आहे. आज ना उद्या भीती गेली की बाहेर येईल. दुकानात बसूनही वाटायचं. आता तेही गेलं. मी होतेच तेवढी.”

त्याने हात पुढे केला, पण टॉवेलच्या घडीआड तिने तोंड लपवलं होतं. त्याआडूनच ती म्हणाली, “आईला सांगू नका.”

त्याने सांगितलं नाही. सरांना मात्र गाठलं. ते म्हणाले, “आता काय उपयोग?” जाळ्या बसल्या, तलावात पाणी आलं, पाटीवरचे पंचवीस मीटर तसेच राहिले. तलावाच्या कार्यालयात त्याने दोन अर्ज दिले. दोन्ही कुठल्या तरी फायलीत गेले.

पुढे एकदा मुलीला बघायला पाहुणे आले. बोलता बोलता पोहण्याचा विषय निघाला. आई कौतुकाने सांगू लागली, “वेग असा होता हो हिचा, की सर तोंडात बोटं घालायचे. नुसती घाबरायची, नाहीतर कुठल्या कुठे गेली असती!”

सूतभरने मान खाली घातली. मुलीने पाहुण्यांकडे बघून हसल्यासारखं केलं.

“हो,” ती म्हणाली, “फार घाबरायचे मी.”