कानाशी हलवलेला डबा

पाचोडच्या आठवडी बाजारात कडुबा दिसला की नारळवाले मान फिरवतात. एकेक नारळ कानाशी धरायचा, हलवायचा, डोळे मिटून आतलं पाणी ऐकायचं आणि तरी म्हणायचं, "पाणी हाय, पण गोड असंल कशावरून?" पोरीसाठी स्थळ बघायला गेला, तर नवऱ्या मुलाला अंगणभर पळायला लावलं. पायात दोष नाही ना! असा माणूस शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरचा वॉचमन आहे. देवानं योग्य जागी बसवला, असं आम्ही गावकरी म्हणतो.

त्या कारखान्यात काचेच्या चकत्यांवर डोळ्याला न दिसणारा पातळ थर चढवतात. त्यासाठी पोलादी डब्यात बंद केलेलं एका धातूचं द्रव रसायन लागतं. त्याची वाफ वायूबरोबर तापल्या भट्टीत जाते आणि चकतीवर बसते. मागच्या मोकळ्या शेडमधून डबे आत आणून द्यायचं काम सरिताचं. ती कंत्राटावर. परमनंटची ऑर्डर याच महिन्यात यायची होती.

पौषातली सकाळ. गारठ्यानं बोटं वळत नव्हती. सरितानं डबा पुढं ठेवला. कडुबानं सवयीनं कानाशी हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला.

"सरिता, माल कुठंय?"

"आतच हाय की मामा. सील बघा."

"सील तर दानपेटीलाबी असतं."

त्यानं तिला तिथंच स्टुलावर बसवलं आणि इंजिनिअर अपेक्षा मॅडमना बोलावलं. मॅडम आधी त्याच्यावरच चिडल्या. "ही काय हलवायची वस्तू आहे?" मग डबा काट्यावर ठेवला. वजन कालच्याइतकंच.

"माल इकून पाणी भरलं असंल," कडुबा म्हणाला.

"पाणी लागलं असतं तर स्फोट झाला असता, मामा."

"मंग दुसरं कायतरी."

"ओततानाच पेटलं असतं. हवा लागली की जळतं ते. हात शाबूत राहिले नसते."

सरिता उठली. दोन्ही हात तिनं त्याच्या नाकापुढं धरले. "बघा मामा. नीट बघा. वास घ्या पायजे तर."

कडुबानं खरंच बघितले. उलटे, सुलटे. थंडीनं फुटलेली कातडी होती, भाजल्याची खूण नव्हती.

"मंग वाजत का नाय?"

"तुमच्या घरचं खोबरेल थंडीत वाजतं का?" मॅडम म्हणाल्या. "हे पंधरा अंशांखाली थिजतं. रात्री शेड गार पडली."

डबा उबदार खोलीत ठेवला. जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमनी तो हळूच तिरका केला. आत काहीतरी डुचमळलं. कडुबाचा चेहरा उतरला, पण शंका कुठली उतरते! "मधी कुणी परत भरलं नाय ना?" सगळे हसले. सरिता हसली नाही.

तिची ऑर्डर आली. आता रोज सकाळी ती डबा ठेवते आणि आधी दोन्ही हात पुढं करते.

"ऱ्हाऊ दे गं पोरी," कडुबा म्हणतो.

"बघा मामा. मंगच डबा घ्या."

तो बघेपर्यंत ती हात मागं घेत नाही.