पाव तास पुढचं घड्याळ

आमच्या स्टेशनच्या दगडी कमानीवर निजामाच्या काळातलं घड्याळ आहे. दोन बाजूंना मोर, भोवती पितळी वेलबुट्टी, रोमन आकडे. ते पाव तास पुढं असतं. त्याच्यापायी आमच्याकडं इतके किस्से साचलेत, की समोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी दिवस मजेत जातो.

गावातला माणूस घड्याळ बघतो आणि पाव तास वजा करतो. परगावचा धावत सुटतो. गाडीला वेळ आहे हे कळलं, की घाम पुसत शेषरावच्या टपरीवर चहा मागतो. शेषरावचा धंदा त्या पाव तासावरच चालतो.

*

एकदा पूर्णेकडचं वऱ्हाड उतरलं. घड्याळ बघून नवरदेवाच्या मामांनी कपाळाला हात लावला. "गेला मुहूर्त!"

आमचे रिक्षावाले रशीदभाई शांतपणे म्हणाले, "मामा, फिकर करू नका. आमच्या गावात मुहूर्त टळतच न्हाई."

वऱ्हाडानं आधी चहा घेतला.

*

गुरुजींनी एकदा चौथीचा वर्ग घड्याळ शिकवायला स्टेशनवर आणला. "सांगा, किती वाजले?"

एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, घड्याळातले सांगू का खरे?"

गुरुजींनी दोन्हीला मार्क दिले.

*

मग हैदराबादहून मेकॅनिक आला. तो दिवसभर शिडीवर आणि शेषराव खाली काळजीत.

"आता लोक टायमावर येतील. माझा चहा कोण पिईल? पोरगी नर्सिंग शिकायलीय."

मला लय वाईट वाटलं.

संध्याकाळी घड्याळ बरोबर झालं. मेकॅनिक टपरीवर आला. "माझ्या गाडीला किती वेळ आहे हो?"

शेषरावनं सवयीनं वर बघितलं आणि सवयीनंच वजाबाकी केली. "बसा साहेब. पाव तास हाय अजून."

गावचा माणूस सांगतोय म्हणून तोही बसला. दुसरा कप हातात असताना गाडी त्याच्यादेखत निघून गेली.

शेषरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पाहुण्याला घरी नेलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं खाऊ घातलं, स्वतःची बाज झोपायला दिली.

सकाळी मी दुकान उघडत होतो, तर मेकॅनिक पुन्हा शिडीवर. थोड्या वेळानं खाली उतरला, हात पुसले आणि टपरीच्या बाकड्यावर येऊन बसला.

"शेषराव, चहा द्या," तो म्हणाला. "पाव तास आहे अजून."