खडकीच्या चर्चमध्ये दिलेलं अनुमोदन

आमच्या ऑफिसच्या गणपतीत सगळ्यांत खणखणीत आरती म्हणणारा माणूस ख्रिस्ती होता, ही गोष्ट मी लोकांना पुष्कळ वेळा ऐकवली आहे. लग्नाच्या पंगतीत, मुंजीत, एकदा तर मयताहून परतताना रिक्षात. ऐकणारे "वा!" म्हणायचे. ते "वा!" त्याच्या गळ्याला नसून माझ्या मोठ्या मनाला आहे, असं मी धरून चालायचो. आज ती गोष्ट आठवली की डोकं फिरतं, आणि फिरलेलं डोकं आपटायला स्वतःखेरीज दुसरं कुणी सापडत नाही, याचा आणखी राग येतो.

सन दोन हजार उजाडताच कॉम्प्युटर बंद पडणार, हा वायटूकेचा बागुलबुवा नुकताच येऊन गेला होता. हिंजवडीला अजून बरीचशी शेतंच होती आणि आमची कंपनी कर्वे रस्त्यावर एका कापडाच्या दुकानाच्या डोक्यावर दोन मजले भाड्याने घेऊन अमेरिकेतल्या विमावाल्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करत होती. मी टीम लीड, हाताखाली बावीस जण. तो ख्रिस्ती मुलगा त्यांतला सगळ्यांत शांत. मूळचा नगरकडचा, आई नर्स. डबा उघडला की डोळे मिटून पंधरा सेकंद गप्प बसायचा. मी म्हणायचो, "झालं का रे लॉगिन? भाजी गार होतेय." सगळे हसायचे. तोही हसायचा, असं मला वाटायचं.

माझ्या श्रद्धेचं म्हणाल, तर मी पुण्याच्या कसबा पेठेतला. देव आहे की नाही याचा विचार मी कधी केला नाही. आरतीला कोण आलं नाही याचा मात्र दरवर्षी केला. अमेरिकेला काम पाठवायच्या आधी सर्व्हरपुढे नारळ फोडणारा मीच, आणि नारळाचं पाणी कीबोर्डात गेल्यावर गुपचूप कीबोर्ड बदलणाराही मीच.

तर त्याचं लग्न ठरलं. मुलगी खडकीची, शाळेत शिकवणारी. तिचे वडील पिंपरीकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आणि चर्चच्या कमिटीवर. चर्च इंग्रजांच्या अमदानीतलं, बिशपच्या अखत्यारीतलं, पण आता सगळा कारभार मराठीतून. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं भर उपासनेत वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. पहिल्या वाचनाला मी येतो म्हणालो.

"कशाला? दोन मिनिटांचं काम असतं," तो म्हणाला.

"अरे, मुलाकडून कुणी नको का?"

थोडक्यात, मला बोलावलं नव्हतं.

दारात बूट काढून आत गेलो. आत सगळे बूट घालून बसलेले. बाहेर अख्ख्या व्हरांड्यात माझा एकुलता एक जोड, आणि आत माझ्या डाव्या मोज्यातून डोकावणारा अंगठा. पुढच्या बाकाखाली एक छान फळी होती, तिच्यावर ऐसपैस पाय ठेवले. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, ती गुडघे टेकायला आहे."

खरं सांगायचं तर मला तिथलं वातावरण आवडायला लागलं होतं. सगळे एकदम म्हणत, एकदम गप्प होत. आमच्याकडे देवासमोर गप्प बसायची पद्धत नाही. शांतता झाली की झांजा कमी पडल्या असं वाटतं. तो माझ्या दोन बाकं पुढे बसला होता. गुडघे टेकून, डोळे मिटून. इथे त्याला पंधरा सेकंदांची घाई नव्हती.

मग पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, नावं वाचली. "या विवाहाला काही योग्य हरकत कुणाला ठाऊक असल्यास त्यांनी ती कळवावी," म्हणाले, आणि थांबले.

कुणीच उठेना.

इथे मला माझं दुखणं सांगितलं पाहिजे. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. ठराव मांडला, हरकत विचारली आणि अनुमोदक उभा राहिला नाही तर ठराव बारगळतो, हे माझ्या रक्तात भिनलेलं. एवढ्या चांगल्या पोराला अनुमोदक मिळू नये? मी उभा राहिलो.

"माझं अनुमोदन आहे!"

सगळ्या माना वळल्या. तिथे तरी बसावं! पण उभा राहिलेला पुणेकर दोन शब्द बोलल्याशिवाय बसत नाही. "मुलगा माझ्या हाताखाली आहे. इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही. गणपतीचे दहाही दिवस आमच्याकडे आरती हाच सांगतो, पुस्तकात न बघता! टिळा लावून घेतो, प्रसाद वाटतो. अशी माणसं आहेत म्हणून देश चाललाय."

"बसा, भाऊ. धन्यवाद," पाळकसाहेब म्हणाले.

दोनच माना वळल्या नव्हत्या. एक मुलीच्या वडिलांची, दुसरी नवऱ्यामुलाची. त्याचे कान मागून लाल दिसत होते. मला वाटलं, लाजला.

सोमवारी तो माझ्या केबिनमध्ये आला. "तिच्या वडिलांनी पाळकांना सांगितलंय, पुढच्या रविवारी नावं वाचू नका. लग्न थांबवलंय."

मी भडकलोच. हे कोण लागून गेले दुसऱ्याच्या मनाचं माप घेणारे? एकविसावं शतक उजाडलं, अमेरिकेचं काम कर्वे रस्त्यावर आलं, आणि हे आरती म्हटली म्हणून लग्न मोडतात? "चल, आत्ता जाऊ. मी झाडतो त्यांना."

"बस खाली," तो म्हणाला. काचेबाहेर टाइप करणारे हात थांबले. "आरतीच्या यादीत माझं नाव कुणी घातलं?"

"मी. तुझा आवाज..."

"मला विचारलं होतंस?"

"तू नाही म्हणाला नाहीस."

"वीस जण टाळ्या वाजवतायत, तू माझ्या गळ्यात उपरणं टाकतोयस. तिथे नाही कसं म्हणतात, ते शिकव ना मला. दहाही दिवस मी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन एकटा बसायचो, माहितीये?"

"अरे, पण एका आरतीनं काय बिघडतं? देव एकच."

"तुला एकच. कारण तुला कुठल्याच देवाकडे जायचं नाहीये! मला जायचंय. आणि मी डबा उघडला तरी तू लॉगिन लॉगिन करतोस. ते सगळं गिळलं मी. आणि काल तेच तू तिच्या बापासमोर माझं सर्टिफिकेट म्हणून वाचलंस."

तो गेला. दार आपटलंही नाही, त्याचा मला जास्त राग आला. आपली चूक कुणी नेमकी दाखवली की जो राग येतो, तो बाकीच्या रागांपेक्षा कडक असतो. त्या रागातच मी संध्याकाळी स्कूटर काढून एकटा खडकीला गेलो. समजूत घालायला नव्हे, भांडायला.

मुलीच्या वडिलांनी दार उघडून मराठी ख्रिस्ती मंडळींच्या रीतीनं "सलाम" केला. मी नमस्कार केला. मुलीनं चहा आणून ठेवला आणि दारातच उभी राहिली.

"काका, आरती म्हणणं हा गुन्हा आहे का?" मी सुरुवातच तिथून केली.

"नाही हो. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. मी पेढा खायचो, हात जोडत नव्हतो. फोरमन तोंड फिरवायचा. दोनदा माझी बढती दुसऱ्याला गेली. कशामुळे, ते मी सिद्ध करू शकत नाही." ते थांबले. "म्हणून मला एवढंच कळायला हवं, साहेब. मुलगा मनानं गात होता की भीतीनं? मनानं गात असेल तर गाऊ दे बापडा. पण मग वेदीसमोर माझ्या मुलीचा हात धरून जे बोलेल, ते कुठल्या मनानं बोलेल? आणि भीतीनं गात असेल, तर ती भीती माझ्या ओळखीची आहे."

"भीती कसली? आमच्याकडे तसं काही नाही."

"आरतीला न येणाऱ्याचं आपण काय करत होता?"

'काही नाही' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. आणि मला वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म दिसला. त्यात एक रकाना असे: टीममध्ये मिसळतो का? आमच्या या नवरदेवाला मी पाचपैकी पाच दिले होते. आमच्याकडे नागपूरकडचा एक बौद्ध मुलगा होता. आरतीच्या वेळी तो कॉम्प्युटरसमोरून उठत नसे; गणपतीची वर्गणी मागायला तेवढा मी त्याच्या टेबलापाशी जायचो. कामाला याच्यापेक्षा तसूभर सरसच. त्याला दोन. का दोन, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. पण बावीसच्या बावीस जणांना ते ठाऊक असणार.

म्हणजे मी 'मनानं' म्हणालो असतो, तर माझी गोष्ट शाबूत राहिली असती आणि याचं लग्न गेलं असतं.

"मार्क कमी देत होतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. जाऊ द्या, होतं असं, असं काहीतरी ते म्हणतील म्हणून मी थांबलो. म्हणाले नाहीत. उठून पाळकांना फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "रविवारी वाचा."

मुलगी दारातूनच म्हणाली, "हे तुम्ही त्याला सांगितलंत का?"

"त्याला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं हो. सांगितलंत का?"

काय ही भाषा! मास्तरीणच ती. परतताना सबंध रस्ताभर मी त्या बाप-लेकींना उत्तरं देत होतो, आणि एकही उत्तर असं सापडलं नाही की जे परत जाऊन सांगावं.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं. यादी, उपरणं, पाच मार्क, सगळं. सोसायटीच्या सभेत मी तासभर बोलू शकतो. इथे चार वाक्यांना घाम फुटला. देवापुढे वर्षाकाठी एकदा 'चुकलंमाकलं क्षमा कर' असं ठोक म्हणायची सवय. माणसासमोर उभं राहून एकेक चूक सुटी काढून द्यायची वेळ कधी आली नव्हती.

"राग गेलेला नाहीये," तो म्हणाला. "लग्नाला ये. पण मला कशाला सांगत बसलायस? मला पाच मिळाले होते. ज्याला दोन मिळाले, त्याला सांग."

वरून हा मलाच आज्ञा करणार! मी तणतणत केबिनबाहेर पडलो आणि शेवटच्या टेबलापाशी गेलो. नागपूरच्या मुलानं हेडफोन काढले, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि खिशात हात घातला.

"काय साहेब, वर्गणी?"